परमुलखात मुक्काम कुठे करावा?

मित्रहो, मागच्या व्याख्यानानंतर इथल्याच, केडगावच्या एका गृहस्थांनी आम्हाला गाठलं. म्हणाले, "सर, मुलगा नॉर्वेला बोलावतोय. हॉटेलं महाग आहेत म्हणतो, तंबू घेऊन फिरू. पण असं कोणाच्याही रानात झोपायचं का हो?" प्रश्न व्यवहाराचा आहे, तितकाच तत्त्वज्ञानाचाही. म्हणून आज तोच घेऊ.

त्र्यंबकेश्वरहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी आपल्या नगरवरून पंढरपूरला जाते. वारकरी शाळेत, देवळात, ओसरीवर, राहुटीत उतरतात. गाव त्यांना परकं मानत नाही. परमुलखात मात्र आपण परकेच. मग तिथे आपला हक्क किती?

जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७९५ साली शाश्वत शांततेवरच्या निबंधात याचा विचार केला आहे. परक्या भूमीवर शांतपणे आलेल्या माणसाला शत्रूसारखं वागवू नये, हा त्याचा हक्क. पण 'मला पाहुणा म्हणून ठेवून घ्या' असा हक्क त्याला नाही; त्यासाठी यजमानाची संमती हवी. भेट हा हक्क, पाहुणचार ही कृपा.

नॉर्वेच्या १९५७ च्या कायद्यात हाच तोल दिसतो. पडीक माळरानात, जंगलात, डोंगरात कोणीही तंबू ठोकू शकतो, मग जमीन खासगी का असेना. पेरलेल्या शेतात नाही. राहत्या घरापासून निदान १५० मीटर दूर राहायचं. एकाच जागी दोन रात्रींपेक्षा जास्त राहायचं, तर साधारणपणे मालकाला विचारायचं. १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर जंगलात किंवा जंगलाजवळ शेकोटी पेटवायची नाही. स्कॉटलंडमध्येही २००३ च्या कायद्याने अशी मोकळीक आहे. शेजारच्या इंग्लंडमध्ये मात्र बहुतेक ठिकाणी मालकाची परवानगी लागते. म्हणजे देश बदलला की नियम बदलतो. तो आधी पाहायचा.

आता व्यवहार. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी अर्ज करताना कुठे राहणार, हे दाखवावं लागतं. मुलाकडे उतरणार असाल तर त्याच्या निमंत्रणाचे कागद लागतात, नाहीतर आरक्षण. 'बघू तिथे गेल्यावर' चालत नाही. स्टोव्हचा गॅस-डबा विमानात नेता येत नाही. तो तिथेच विकत घ्यायचा. आपल्या वयाला रात्री उठावं लागतं, म्हणून पैसे देऊन राहायचं कॅम्पिंगचं मैदान बरं: पाणी, संडास, वीज असते, अनेक ठिकाणी लाकडी खोपटीही भाड्याने मिळते. पावसात तीच बरी. शिवाय होस्टेल आहेच. जर्मनीतल्या शिर्मान नावाच्या शिक्षकाने १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात ते सुरू केलं, फिरस्त्या विद्यार्थ्यांना रात्रीचा निवारा मिळावा म्हणून. बहुतेक होस्टेलांत आता म्हाताऱ्यांनाही जागा मिळते, आणि स्वयंपाकघर असलं तर पिठलं-भातही होतो.

एक कबुली देतो. नॉर्वेतच एका संध्याकाळी आम्ही दोघं थकलो होतो, म्हणून एका घराच्या फार जवळ तंबू ठोकला. अंधारात एक आजी बॅटरी घेऊन आल्या. रागावल्या नाहीत, "बरं आहे ना तुम्हाला?" एवढंच विचारलं. आम्हाला रात्रभर झोप लागली नाही. तेव्हा कळलं, १५० हा नुसता आकडा नव्हे. ती त्या आजींची निर्धास्त झोप आहे.

म्हणून त्या गृहस्थांना आमचं उत्तर: जरूर झोपा. फक्त तंबू ठोकण्याआधी विचारा, आपल्या इथे असण्याने कोणाची झोप तर उडणार नाही ना? आणि सकाळी निघताना मागे वळून पाहा. दबलेल्या गवताखेरीज आपली काही खूण उरली नसेल, तर मुक्काम बरोबर निवडला.