मांजरा खोऱ्यातील शिल्पवैभव : ओळख आणि जपणूक

बालाघाटच्या डोंगरात उगम पावणारी मांजरा नदी लातूर जिल्ह्यातून पुढे जाऊन नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर गोदावरीस मिळते. तेरणा, मन्याड, लेंडी या तिच्या उपनद्यांच्या काठी वसलेली गावे आज लहान असली, तरी त्यांचा पूर्वेतिहास मोठा आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःस ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. हे लट्टलूर म्हणजे आजचे लातूर होय. कल्याणीच्या चालुक्यांची राजधानीही लातूरच्या सीमेपासून जवळच होती. त्यामुळे राजधानीच्या तोडीची शिल्पे या खोऱ्यातील खेड्यांत उघड्यावर पाहावयास मिळतात. त्यांसाठी तिकीट नाही, दालन नाही. रखवालदार असला तर तो गावच होय.

पाच गावे, वेगवेगळी शिल्पे

औसा तालुक्यातील खरोसा येथील लेणी सुमारे सहाव्या शतकातील मानली जातात. ती वेरूळप्रमाणे काळ्या पाषाणात नसून जांभ्या दगडात कोरलेली आहेत. हा दगड कोरावयास सोपा, परंतु सच्छिद्र असल्याने पाण्यापावसाने लवकर झिजतो. येथील मूर्तींच्या रेषा बोथट का झाल्या, याचे उत्तर दगडाच्या या जातीत आहे.

कंधार हे राष्ट्रकूटांचे महत्त्वाचे नगर. दहाव्या शतकातील तिसऱ्या कृष्णराजाच्या काळचा शिलालेख येथे मिळाला असून त्यात नगरातील देवालयांचे व जगत्तुंगसमुद्र या तलावाचे उल्लेख आहेत. क्षेत्रपालाच्या एका प्रचंड मूर्तीचे भग्न अवशेष येथील किल्ल्यात ठेवलेले आहेत. ते अवयव पाहिले की अखंड मूर्ती केवढी असेल याची कल्पना येते.

देगलूर तालुक्यातील होट्टल येथील सिद्धेश्वर मंदिर कल्याणी चालुक्यांच्या काळातील आहे. त्याच्या बाह्य भिंतीवरील सुरसुंदरींची शिल्पे अलंकार, केशरचना व देहबोली यांच्या बारकाव्यांमुळे प्रसिद्ध आहेत. मुखेडच्या महादेव मंदिरावर नृत्यमग्न सप्तमातृका आहेत. एरवी सप्तमातृका बहुधा एका ओळीत बसलेल्या दाखवितात. म्हणून मुखेडचे हे शिल्प विशेष ठरते.

निलंग्याचे नीलकंठेश्वर मंदिर तारकाकृती असून त्यास तीन गर्भगृहे आहेत. एकात शिवलिंग, दुसऱ्यात हरगौरी व तिसऱ्यात विष्णू अशी योजना आहे. अशा मंदिरांना सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः हेमाद्री हा तेराव्या शतकातील यादवांचा मंत्री. होट्टलसारखी मंदिरे त्याच्या आधीची आहेत.

शिल्प वाचावे कसे?

मूर्ती ओळखण्यास हातातील आयुधे व पायाशी असलेले वाहन पाहावे. हंस असल्यास ब्राह्मी, मोर असल्यास कौमारी, हत्ती असल्यास इंद्राणी. वेशीजवळ किंवा पारावर पडलेला चौकटींचा दगड बहुधा वीरगळ असतो. तो खालून वर वाचावा : तळाशी वीराचे युद्ध व मरण, मध्ये अप्सरांसह स्वर्गारोहण, वर शिवपूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. कोपरात वाकलेला, बांगड्या ल्यालेला हात कोरला असल्यास ती सतीशिळा होय. शिक्षकांना गावातच इतिहासाचा पाठ घेता येईल. शाळेच्या बोलक्या भिंतींवर फळाफुलांच्या जोडीस आपल्या गावच्या शिल्पाचे चित्र व दोन ओळींची माहिती रंगविल्यास मुले ते शिल्प जाऊन पाहतील.

प्रेमानेही हानी होते

शिल्पांची हानी केवळ चोरीमुळे होत नाही. श्रद्धेने दिलेला तैलरंग कोरीव रेषा बुजवितो. तो खरवडताना नाकडोळ्यांच्या कडा जातात. जीर्णोद्धारात सिमेंटचा गिलावा किंवा फरशी लावल्याने दगडातील ओल आत कोंडते. सुटे कोरीव दगड बांधकामात वापरले की त्यांची मूळ जागाच हरवते.

कायद्याची तरतूद स्पष्ट आहे. 1878 च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक मूल्याच्या वस्तूची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. 1972 च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमाने शंभर वर्षांहून जुनी मूर्ती खासगीरीत्या परदेशी पाठविण्यास मनाई केली आहे. राज्य संरक्षित स्मारकांस 1960 चा महाराष्ट्र अधिनियम लागू आहे.

तथापि कायदा राबविण्यास पुरावा लागतो. तामिळनाडूतील श्रीपुरंदन येथून चोरीस गेलेला नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात पोहोचला होता. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने 1994 मध्ये घेतलेली छायाचित्रे उपलब्ध असल्याने त्याची ओळख पटली व 2014 मध्ये तो भारतास परत मिळाला. छायाचित्र नसते, तर हक्क सिद्ध करणे दुरापास्त झाले असते.

हा धडा खोऱ्यातील प्रत्येक ग्रामपंचायतीस लागू पडतो. एक साधी नोंदवही पुरेशी आहे : शिल्पाची जागा, लांबी-रुंदी, दगडाचा प्रकार, शेजारी मोजपट्टी ठेवून चारी बाजूंनी घेतलेली छायाचित्रे आणि तारीख. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत व एक तहसील कार्यालयात राहावी. दरवर्षी ग्रामसभेत नोंद पडताळावी. रंग, डागडुजी वा स्थलांतर करण्यापूर्वी पुरातत्त्व विभागाचा सल्ला घ्यावा. या कामास मोठा निधी लागत नाही. एक वही, एक मोजपट्टी आणि गावाची इच्छा असली म्हणजे झाले.