डब्यातली चव घरच्या पिंपात

धुरकट, संत्र्याच्या रसासारख्या दिसणाऱ्या ‘हेझी आयपीए’ बिअरचं मूळ अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात आहे. वॉटरबरी गावातल्या ‘द अल्केमिस्ट’ या ब्रुअरीची ‘हेडी टॉपर’ (८ टक्के अल्कोहोल) हा तिचा आद्य नमुना. ग्लासात न ओतता थेट डब्यातूनच प्या, असं त्या डब्यावरच छापलेलं असतं!

आवडत्या बिअरची घरी नक्कल करायची तर आधी हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा आणि सुगंध देणारी फुलं, ओळखा. सिट्रा ही जात म्हणजे आंबा, लिंबू आणि पपनसासारखा आंबूसपणा. मोझेइक ही सिमको या जातीची लेक. आईचा पाइनचा वास थोडा, बाकी बेरीफळं. ऑस्ट्रेलियाच्या गॅलेक्सीत पॅशनफ्रूट, तर न्यूझीलंडच्या नेल्सन सॉव्हिनमध्ये पांढऱ्या द्राक्षांची आठवण. कोलोरॅडोच्या ‘वेल्डवर्क्स’ची ‘ज्यूसी बिट्स’ आवडत असेल, तर मोझेइक, सिट्रा आणि एल डोराडो हे त्रिकूट घ्या. नवशिक्यानं मात्र एकट्या सिट्रानं सुरुवात करावी. पाच जाती एकत्र केल्या की कुणाचाच आवाज ऐकू येत नाही.

हॉप्स उकळत ठेवले तर कडूपणा वाढतो, सुगंध उडतो. म्हणून ते आच बंद केल्यावर आणि मग आंबवणीत घालायचे. १९ लिटरला दीडशे-दोनशे ग्रॅम सहज लागतात. खिशाला चाट बसते खरी. धुरकटपणा आणि मऊपणा यायला ओट्स-गव्हाची मदत होते.

आंबवलेल्या बिअरला हवा लागू देऊ नका. चिरलेलं सफरचंद काळं पडतं, तशी ही बिअर करडी पडते आणि आंब्याचा वास जाऊन ओल्या पुठ्ठ्याचा येतो.