महाधिवक्त्याच्या नावामागे पाठबळ कोणाचे?

वाशीम, (प्रतिनिधी) : रस्ता, धरण किंवा कालव्यासाठी जमीन गेलेला रिसोड वा मानोरा तालुक्यातील शेतकरी वाढीव मोबदल्यासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जातो, तेव्हा त्याच्यासमोर राज्य शासनाची बाजू मांडणारा सरकारी वकील उभा असतो. राज्यातील सरकारी वकिलांच्या या व्यवस्थेच्या शिखरावर महाधिवक्त्याचे पद आहे. शासनाने एखादा दावा लढवावा की मागे घ्यावा, एखादा कायदा न्यायालयात टिकेल की नाही, याविषयी शासनाला सल्ला देणारा हा राज्याचा सर्वोच्च विधी अधिकारी. मात्र या पदासाठी कोणाचे नाव पुढे येते, त्यास पाठिंबा कोण देतो आणि तो कोणत्या निकषावर दिला जातो, याची चर्चा क्वचितच होते.

राज्यघटना काय सांगते?

राज्यघटनेच्या कलम १६५ नुसार महाधिवक्त्याची नियुक्ती राज्यपाल करतात. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्यास पात्र असलेली व्यक्ती, एवढीच या पदाची घटनात्मक अट आहे. कार्यकाळ ठरलेला नाही. राज्यपालांची मर्जी असेपर्यंत महाधिवक्ता पदावर राहतो. प्रत्यक्षात राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने हा निर्णय घेतात. त्यामुळे मुख्यमंत्री व मंत्रिमंडळाचा पाठिंबा असेल तर नियुक्ती होते आणि तो पाठिंबा सरला की पदही जाते.

महाधिवक्त्याचे अधिकार मात्र मोठे आहेत. कलम १७७ अन्वये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत त्यास बोलता येते. मतदान करता येत नाही. उच्च न्यायालयाच्या फौजदारी अवमानाची तक्रार एखाद्या नागरिकास करावयाची असल्यास १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्यानुसार महाधिवक्त्याची लेखी संमती लागते. राज्याच्या बार कौन्सिलचा तो पदसिद्ध सदस्यही असतो. इतके अधिकार असलेल्या व्यक्तीच्या निवडीवर विधिमंडळात मतदान होत नाही, जाहीर मुलाखत होत नाही, किंवा नाव का निवडले याची कारणेही प्रसिद्ध करावी लागत नाहीत.

अमेरिकेत याच्या उलट पद्धत आहे. तेथे ॲटर्नी जनरलपदासाठी राष्ट्राध्यक्ष नाव सुचवितात. सिनेटच्या समितीसमोर उमेदवाराची जाहीर उलटतपासणी होते आणि मग सभागृह मतदान करते. नोव्हेंबर २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी सुचविलेले मॅट गेट्झ यांना सिनेटमधील पाठिंब्याअभावी अवघ्या आठवडाभरात माघार घ्यावी लागली. त्यांच्या जागी सुचविलेल्या पॅम बाँडी यांची नियुक्ती फेब्रुवारी २०२५ मध्ये ५४ विरुद्ध ४६ मतांनी मंजूर झाली. या पद्धतीतही पक्षीय राजकारण आहेच. परंतु कोणी पाठिंबा दिला व कोणी विरोध केला, याची नोंद राहते.

अणे यांचे प्रकरण

महाराष्ट्रात हा प्रश्न ठळकपणे पुढे आला तो विदर्भाच्याच निमित्ताने. २०१४ मध्ये नागपूरचे देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री झाल्यानंतर नागपूरचेच ॲड. सुनील मनोहर महाधिवक्ता झाले. त्यांनी जून २०१५ मध्ये राजीनामा दिला. त्यानंतर ऑक्टोबर २०१५ मध्ये ज्येष्ठ विधिज्ञ ॲड. श्रीहरी अणे यांच्या नावावर मंत्रिमंडळाने शिक्कामोर्तब केले. लोकनायक बापूजी अणे यांचे ते नातू. बापूजी मूळचे वाशीमला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यातील वणीचे, आणि स्वतंत्र विदर्भाचे जुने पुरस्कर्ते. विदर्भात या नियुक्तीचे स्वागत झाले.

वाद उद्भवला तो त्यांच्या कायदेशीर सल्ल्यावरून नव्हे. डिसेंबर २०१५ मध्ये त्यांनी विदर्भाच्या प्रश्नावर जनमत घेण्याची भूमिका जाहीरपणे मांडली. सत्तेतील शिवसेनेसह विरोधकांनी त्यांना हटविण्याची मागणी केली. मात्र ते पदावर राहिले. २० मार्च २०१६ रोजी जालना येथे त्यांनी मराठवाड्यावर अधिक अन्याय झाल्याचे सांगून तोही स्वतंत्र व्हावा, असे मत व्यक्त केले. दुसऱ्याच दिवशी विधिमंडळात गदारोळ झाला आणि २२ मार्च रोजी अणे यांनी राजीनामा दिला.

उल्लेखनीय म्हणजे भारतीय जनता पक्षाने १९९७ च्या भुवनेश्वर येथील बैठकीत स्वतंत्र विदर्भाच्या बाजूने ठराव केला होता. तरीही युतीचे सरकार चालविताना तो पाठिंबा महाधिवक्त्याचे पद वाचवू शकला नाही. ज्या सभागृहाला नियुक्तीच्या वेळी कोणी विचारले नव्हते, त्याच सभागृहातील गोंधळाने नियुक्ती संपविली.

अणे यांच्यानंतर ॲड. रोहित देव यांनी प्रथम हंगामी व पुढे पूर्णवेळ महाधिवक्ता म्हणून काम पाहिले. जून २०१७ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

आपला माणूस की राज्याचा वकील?

तीन वर्षांत विदर्भाचे तीन महाधिवक्ते झाले. याचा वाशीमसारख्या जिल्ह्याला उपयोग काय, हा प्रश्न स्वाभाविक आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचा सिंचन अनुशेष हे त्याचे बोलके उदाहरण. राज्यातील सिंचनाचा अनुशेष दीर्घकाळ रेंगाळला तो अमरावती, अकोला, वाशीम व बुलडाणा या जिल्ह्यांत. अशा प्रश्नावर नागरिक न्यायालयात गेले, तर महाधिवक्ता नागपूरचा असो वा मुंबईचा, तो प्रतिवादी शासनाचाच वकील असतो. प्रदेशाचा प्रतिनिधी म्हणून त्यास पाठिंबा देणाऱ्यांची येथे निराशा होणे अटळ आहे. मात्र शासनाची बाजू कायद्याने लंगडी असेल, तर तसे मंत्रिमंडळाला स्पष्ट सांगणारा महाधिवक्ता असल्यास वाशीमच्या शेतकऱ्याची वर्षानुवर्षांची फरफट वाचू शकते.

अशा स्वतंत्र बाण्याचे उदाहरण म्हणून विधिज्ञ एच. एम. सिरवई यांचे नाव घेतले जाते. १९५७ ते १९७४ अशी सतरा वर्षे ते या पदावर होते. या काळात यशवंतराव चव्हाण, मारोतराव कन्नमवार आणि पुसदचे वसंतराव नाईक असे मुख्यमंत्री होऊन गेले. महाधिवक्ता मात्र बदलला नाही. देशाचे ॲटर्नी जनरल होण्याचा प्रस्तावही त्यांनी नाकारला. अलीकडच्या काळात ॲड. आशुतोष कुंभकोणी यांनी २०१७ ते २०२२ या कालावधीत फडणवीस, उद्धव ठाकरे व एकनाथ शिंदे अशा तीन मुख्यमंत्र्यांच्या काळात काम केले. त्यांच्यानंतर आलेले ॲड. बीरेंद्र सराफ यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक कारणास्तव राजीनामा दिला, तेव्हा मंत्रिमंडळाने त्यांना जानेवारीपर्यंत पदावर राहण्याची विनंती केली.

खाली निकष, वर मर्जी

अणे यांच्या राजीनाम्यानंतर आठच दिवसांनी, ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पंजाब राज्य विरुद्ध ब्रिजेश्वरसिंग चहल या प्रकरणात महत्त्वाचा निकाल दिला. सरकारी वकिलांची निवड ही सत्ताधाऱ्यांनी वाटावयाची खिरापत नाही. ती गुणवत्तेवर व पारदर्शक पद्धतीने व्हावी, असा त्याचा आशय. त्याच निकालात, कलम १६५ खालील महाधिवक्त्याच्या नियुक्तीला हे निर्देश लागू नाहीत, असेही स्पष्ट करण्यात आले.

जिल्हा पातळीवर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८ मध्ये सरकारी अभियोक्त्यांसाठी किमान सात वर्षांच्या वकिलीची अट आहे. सत्र न्यायाधीशांशी सल्लामसलत करून जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी पात्र वकिलांची नामिका तयार करावी, अशीही त्यात तरतूद आहे. म्हणजे वाशीमच्या सत्र न्यायालयात उभ्या राहणाऱ्या वकिलाच्या नावाची कोणीतरी छाननी करावी, अशी कायद्याची अपेक्षा आहे. राज्याच्या सर्वोच्च वकिलाच्या नावाची छाननी मात्र मंत्रिमंडळाच्या बंद दाराआडच संपते.

त्यासाठी घटनादुरुस्तीचीच गरज आहे, असे नाही. नाव सुचविताना त्यामागील कारणे प्रसिद्ध करण्यापासून शासनाला कोणताही कायदा रोखत नाही. तसे झाले, तर महाधिवक्ता कोणत्या गावचा, यापेक्षा शासनाचे चुकत असताना ते त्याने पूर्वी कधी सांगितले आहे काय, हे जनतेला तपासता येईल. पाठिंबा द्यायचा की विरोध करायचा, हे त्यानंतर ठरविणे अधिक सोपे होईल.