नेफ्यातल्या तारा

जेधे चौकाचा सिग्नल सुटतो आणि मी गाडी शंकरशेठ रस्त्याला घालते. शेजारी बसलेल्या बाबांचा उजवा हात वर आहे. सहकारनगरातून निघाल्यापासून तो तसाच आहे. छताचं कापड त्यांनी पंजानं वर दाबून धरलंय. हात काढला की ते माझ्या केसांवर टेकतं, आरसा झाकतं आणि मागून येणारी एसटी दिसेनाशी होते.

"दुखतोय का हात?"

"तू पुढे बघ."

गाडी १९८८ची प्रीमियर पद्मिनी, फिक्या निळ्या रंगाची. इंजिनाचं काम दोनदा झालंय, सीटची कव्हरं तीनदा बदलली. छताचं कापड मात्र कारखान्यातून आलं तेच आहे. बारीक बारीक भोकांचं, कधीकाळी दुधी रंगाचं रेक्झिन. दिवाळीत ते पुढच्या काचेपाशी फाटलं आणि मग दर आठवड्याला थोडं थोडं खाली येत गेलं. काचेचं रबरही कडक झालंय, पावसाळ्यात तिथून पाणी झिरपतं. काच काढावीच लागणार, तर छतही करून घेऊ, असं ठरवून आम्ही निघालोय. एप्रिल आहे, ऊन सकाळी साडेनऊलाच टोचतंय. या कामाला ऊन हवंच असतं, हे मला अजून माहीत नाही.

मुख्य रस्ता सोडून गल्लीत वळलं की स्वारगेटचा आवाज एकदम मागे पडतो. 'सातारा, सातारा, सातारा' ही हाक मात्र इथपर्यंत येते. पत्र्याची एक शेड. तिच्यात पायमशीन, रेक्झिनच्या उभ्या गुंडाळ्या, फोमचे ताव, आणि सगळ्यावर सोल्युशनचा तो डोक्यात जाणारा गोड वास. भिंतीवर खिळ्यांना मळक्या कापडाच्या सुरळ्या टांगल्यात. टाकाऊ माल असावा. निम्मं काम बाहेर, लिंबाच्या झाडाखाली चालतं. एका जुन्या हॅचबॅकच्या छताचं पुठ्ठ्यासारखं बोर्ड जमिनीवर उलटं पडलंय आणि विशीतला एक मुलगा ब्रशनं त्याच्यावरची नारिंगी पूड झाडतोय. पलीकडे एक थार उभी आहे. तिच्या कडक छताला आतून अस्तर लावून हवंय म्हणून तिचा मालक सकाळपासून बसून आहे.

छतं शिवणारे चाचा साठीचे. चष्मा दोऱ्यानं गळ्यात अडकवलेला. ते आधी गाडीत शिरतात, मागच्या सीटवर उताणे पडतात आणि बराच वेळ नुसतं वर बघत राहतात. लहानपणी मी अशीच पडून भोकं मोजायची. महाबळेश्वरच्या वाटेवर पसरणीच्या घाटात मोजदाद हमखास चुकायची.

"कंपनीचं आहे," चाचा आतूनच म्हणतात. "मधे कुणी हात लावलेला नाही. चांगलं झालं."

मी पिशवीतून माझी तयारी काढते. मुंबईच्या एका दुकानातून मागवलेलं, पद्मिनीसाठी म्हणून तयार शिवलेलं नवं रूफ लायनिंग. पैसे आधीच दिलेत. चाचा ते सीटवर पसरतात, उलटं करतात, पाठीमागच्या शिवणींवरून बोट फिरवतात. मग जुन्या छतावर टेप धरतात, पुन्हा नव्यावर धरतात. बाबा त्यांच्या चेहऱ्याकडे बघतायत.

"ताई, हे बसणार नाही."

कारण ते समजावून सांगतात, आणि पुढे दिवसभर जे दिसतं ते या कारणाचाच विस्तार असतो. आजच्या गाड्यांत छताचं कापड पातळ फोमसकट एका साच्यातल्या बोर्डाला चिकटवलेलं असतं. उन्हानं आणि दमटपणानं फोमचा भुगा होतो आणि कापड सुटून लोंबतं. त्या मुलाच्या ब्रशखालची नारिंगी पूड तीच. पद्मिनीचं छत त्याआधीच्या पद्धतीचं. इथे बोर्ड नाही. कापडाच्या पाठीला आडवे नेफे शिवलेले असतात, परकराला नाडीसाठी असतो तसे. त्यांतून पोलादी तारा जातात, आणि प्रत्येक तारेची टोकं टपाच्या दोन बाजूंच्या भोकांत बसतात. सगळं छत त्या तारांवर टांगलेलं. टप मधे उंच, पुढेमागे उतरता, म्हणून प्रत्येक तारेची कमान वेगळी आणि दोन तारांमधलं अंतरही वेगळं. माझ्या तयार कापडावर मात्र सगळे नेफे सारख्याच अंतरावर आहेत.

"शिवणाऱ्यानं गाडी पाहिलेली नाही," चाचा म्हणतात. "बोटभर फरक पडला तरी तार कलते. तार कलली की सळ पडतो, आणि तो सळ मरेपर्यंत दिसतो."

"नेफे उसवून पुन्हा शिवता येणार नाहीत का?" मी विचारते.

ते एक टाका उसवून कापड उजेडात धरतात. सुईच्या भोकांची ओळ चमकते. सुती कापडाचं भोक धुण्यात मिटतं, रेक्झिनचं मिटत नाही. माझं तयार छत बाजूला जातं. त्यातून सनव्हायजरची कव्हरं आणि मागच्या काचेशेजारच्या पट्ट्या निघतील. मला वाईट वाटतं. पैशापेक्षा जास्त, गाडीला न विचारता आणल्यासारखं वाटतं.

सोडवणं सुरू होतं. आरसा, सनव्हायजर, छतातला दिवा, दारांवरचं बीडिंग. स्क्रू एका डब्यात, दिव्याचे दुसऱ्यात. जुनं रबर वाचवायचं नाही, म्हणून मुलगा त्याची ओठासारखी कड सुरीनं कापत जातो. मग तो आत बसून तळव्यांनी काच हळूहळू रेटतो, बाहेर चाचा दोन्ही हात पसरून उभे. काच सुटते तेव्हा आवाजच होत नाही. ती गोधडीवर निजवतात. काच गेली की गाडीचा चेहरा परका वाटतो. बाबा खुर्ची थोडी वळवून घेतात.

आता जुनं कापड. कडा डिंकातून फाडत नाहीत, सोडवतात. प्रत्येक तार बाहेर आली की चाचा तिच्यावर कागदी चिकटपट्टी लावून आकडा घालतात, पुढून मागे. कापड उतरतं आणि त्याच्यामागून सदतीस वर्षांची धूळ. टपाचा पत्रा आता पहिल्यांदाच आतून दिसतोय. डांबरी तुकडे, काचेच्या कडेला गंजाचे डाग, आणि एका कोपऱ्यात पिवळ्या खडूनं मारलेली बरोबरची खूण. कारखान्यात कुणीतरी तपासून पुढे ढकललेल्या गाडीची. बाबा उठून येतात, डोकं आत घालतात आणि त्या खुणेकडे पाहत राहतात.

"कुर्ल्याची," ते मुलाला सांगतात. आणि मग त्यांना थांबवता येत नाही. प्रीमियर कंपनी १९४४ साली वालचंद हिराचंदांनी काढली, माणूस आपल्या सोलापूरचा. गाडी मुळात इटलीतल्या फियाटची, ११००. पद्मिनी हे नाव १९७४ पासून, चितोडच्या राणीवरून. इंजिन १०८९ सीसीचं. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची. मुलगा गंजावर तारेचा ब्रश घासता घासता 'हो, हो' म्हणतो. चाचा मात्र हातातलं काम ठेवून ऐकतात, कारण ते स्वतः याच गाडीवर शिकलेत. मुंबईत, टॅक्सीच्या छतांवर.

टॅक्सीचं छत ही खरोखर वेगळीच दुनिया होती. घरच्या गाडीत दुधी नाहीतर राखाडी, पण काळ्यापिवळ्या पद्मिनीत बसून वर पाहिलं की गुलाब, पिसारे, चौकटी, बिस्किटाच्या पुड्यावर असावी तशी नक्षी. कापड कोणतं ते ड्रायव्हर निवडायचा. टप आणि रंग सरकारचा, छत त्याचं. २०१५मध्ये 'टॅक्सी फॅब्रिक' नावाच्या उपक्रमानं तरुण चित्रकारांकडून टॅक्सींसाठी कापडं डिझाइन करून घेतली आणि त्या छतांकडे कलेच्या नजरेनं पाहिलं गेलं. ऑक्टोबर २०२३अखेर मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. चाचा सांगतात, एका दिवसात दोन छतं व्हायची. आता पद्मिनी वर्षातून एखादी येते.

"तुम्हाला फुलांचं टाकू का, साहेब?" ते बाबांना विचारतात.

बाबा खरंच विचार करतात. मग शेजारच्या दुकानातून आलेल्या नमुन्यांतून दुधी रंगाचं, बारीक भोकांचं काढतात. पन्ना ५४ इंची. गाडीला तेवढा पुरतो.

गंजावर लावलेलं रेड ऑक्साइड उन्हात वाळेपर्यंत शेडमध्ये बेतणं सुरू होतं, आणि हा दिवसाचा सगळ्यात मोलाचा भाग. जुनं कापड उसवून एकेक पट्टी सुटी केली जाते. नव्यावर ती ठेवतात, वजनाला स्क्रूचे डबे, आणि कडेनं खडू फिरतो. जुनी पट्टी ताणून ठेवायची नाही, तिची तिला पडू द्यायची. सुकून आखडलेल्या कडांना चाचा बोटभर जास्त सोडतात. किती, ते टेप सांगत नाही. एखादा जुना टाका वाकडा गेला असेल तर ते थांबून त्याचा विचार करतात, कारण कारखान्यातल्या हातानं तो उगाच वाकडा नेलेला नसतो. तिथे टप वळलेला असतो. कुठल्याही पुस्तकात नसलेलं हे माप त्या मळक्या रेक्झिनमध्ये आहे आणि ते उसवल्याशिवाय हाती येत नाही.

मागच्या पट्टीवर एक गोल भोक आहे, पाठीमागून कापडाचा तुकडा चिकटवलेलं. मुलगा सवयीनं त्याच्याभोवती खडू फिरवायला जातो.

"थांब," चाचा म्हणतात. "दिवा तिथे नाही."

"छत्री," बाबा म्हणतात आणि माझ्याकडे बघतात. पहिलीतली माझी छत्री, भिजून गाडीत शिरताना वर रुतलेली. आतला तुकडा आईनं लावलेला.

मशीन चालू होतं. पट्टीला पट्टी, प्रत्येक जोडावर नेफा. पायाची लय एका ठोक्याची. थारवाला मालक फोन खिशात ठेवून बघायला येतो.

दुपारी टपाला आतून चंदेरी पाठीचा फोम लागतो. मला तो हवा होता. बाबांचं म्हणणं, पत्रा आणि कापड यांच्यातली हवाच ऊन अडवते, आणि तेही खरंच आहे. मग तारा नेफ्यांत जातात आणि टांगणी मागून सुरू होते. शेवटची तार आधी बसते. मागची कड चिकटली की कापड पुढे आणायचं. सोल्युशन दोन्ही बाजूंना लावतात, पत्र्यालाही आणि कापडालाही, आणि थांबतात. बोटाला चिकटेनासं झालं की मगच दाबायचं. ओलं असताना दाबलं तर सुटतं. या उन्हात तो वेळ फार थोडा मिळतो, म्हणून आता कुणी बोलत नाही. मधोमध आधी, मग कोपऱ्यांकडे, डावीकडे चार बोटं, उजवीकडे चार बोटं. कापड तिरकं अडलं की चाचा नेफ्याचं टोक कात्रीनं किंचित सोडतात. तेवढ्यानं ते मोकळं होऊन हातात येतं. कडेला कपड्यांचे चिमटे लागतात. गाडीच्या आत भट्टी झालीय, त्यांच्या हनुवटीवरून घाम टपकतोय, आणि तो नव्या कापडावर पडू नये म्हणून ते मान सतत बाजूला ठेवतायत.

दोन सळ उरतात. चाचा त्यांना हातही लावत नाहीत. दारं बंद करून गाडी उन्हात ढकलतात आणि आम्ही चहा पितो. तासाभरानं दार उघडलं तर एक सळ गेलाय. दुसऱ्यावर हीट गन लांबून फिरते, तोही विरतो.

काच परत बसवायची तऱ्हा मी डोळे भरून बघते. नव्या रबराच्या खाचेत गोल सुतळी घालतात, टोकं आत सोडतात, साबणाचं पाणी लावतात. बाहेरून मुलगा तळव्यांनी काच थोपटतो, आतून चाचा सुतळी हळूहळू ओढतात. सुतळीमागोमाग रबराची कड पत्र्यावरून आत उलटत येते, शेंगेतून दाणे निघावेत तशी. शेवटी दिवा. तो कुठे आहे ते चाचा कापडावरून चाचपतात, ब्लेडनं लहानशी फुली मारतात, वायर बाहेर काढतात. दिवा लागतो. बाबा मागच्या सीटवर जाऊन बसतात आणि मान वर करतात.

पैसे देऊन मी पिशवी, व्हायजरची जुनी कव्हरं डिकीत टाकते. जुन्या कापडाच्या पट्ट्या उचलायला जाते तसे चाचा म्हणतात, "ते मला ठेवता येईल?"

मी भिंतीकडे बघते. त्या टांगलेल्या सुरळ्यांवर बॉलपेननं लिहिलेलं आता वाचता येतंय: ॲम्बॅसिडर, एस्टीम, मारुती ८००.

उत्तर बाबांनी द्यायचंय. ते गाडीतून उतरून येतात, मागची पट्टी हातात घेतात, उलटी करून आईनं लावलेल्या तुकड्यावर अंगठा फिरवतात. मग पट्टी चाचांना देतात.

चाचा पायमशीनवर बसून पट्ट्यांवर आकडे घालतात, पुढून मागे. दिव्याच्या भोकाशेजारी 'दिवा' लिहितात. मग छत्रीचं भोक येतं. तिथे पेन क्षणभर थांबतं, आणि ते ठळक अक्षरांत लिहितात: 'हे कापायचं नाही.'