चढाचा घाम, उताराचा अंदाज

21 ऑक्टोबर 1976. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटीत, फेअरफॅक्स गावाजवळच्या पाइन माउंटनवर काही तरुण जुन्यापुराण्या सायकली घेऊन जमले होते. वणवा लागला तर बंब नेता यावा म्हणून डोंगरात काढलेला एक कच्चा रस्ता तिथून खाली उतरतो. लांबी तीन किलोमीटरांहून थोडी अधिक, पण तेवढ्यात उतार सुमारे चारशे मीटरचा. चार्ली केलीने शर्यत भरवली होती. ठरावीक अंतराने एकेकाने सुटायचे आणि घड्याळाशी झुंजायचे. ॲलन बाँड्स जिंकला. पुढे गॅरी फिशरने हे अंतर 4 मिनिटे 22 सेकंदांत कापले, म्हणजे खाचखळग्यांच्या त्या रस्त्यावर सरासरी वेग ताशी 40 किलोमीटरच्या वर.

सायकली होत्या 1930-40च्या दशकांतल्या, फुगीर टायरच्या, वीस किलोंहून जड. बहुतेकांना ब्रेक एकच, तोही मागच्या चाकाच्या हबमध्ये, पेडल उलटे मारले की लागणारा. सायकल आणि स्वार मिळून 95 किलो वजन धरले, तर चारशे मीटर उतरताना सुमारे 3 लाख 70 हजार ज्यूल ऊर्जा मोकळी होते. लिटरभर पाणी उकळायला एवढी पुरते. त्यातली काही हवेच्या आणि रस्त्याच्या विरोधात खर्च होते, पण बराच मोठा वाटा त्या छोट्या हबमध्ये उष्णता होऊन उतरतो. आतले ग्रीस जळून धूर निघायचा आणि दर फेरीनंतर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागायचे. या कटकटीवरूनच त्या उताराचे नाव ‘रीपॅक’ पडले.

सायकल दुरुस्तीपेक्षा मोडतोडच जास्त करणाऱ्या या टोळक्यातून एक उद्योग उभा राहिला. जो ब्रीझने 1977मध्ये खास डोंगरासाठी नवी फ्रेम जोडायला घेतली. फिशर आणि केली 1979मध्ये टॉम रिची याने बनवलेल्या फ्रेमच्या सायकली विकू लागले. स्पेशलाइज्ड कंपनीची ‘स्टंपजंपर’ 1981मध्ये दुकानांत आली आणि डोंगरी सायकल सर्वसामान्य गिऱ्हाइकाच्या हाती पडली. 1990मध्ये कोलोरॅडोतल्या दुरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि 1996च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये नेदरलँड्सच्या बार्ट ब्रेंट्येन्सने आणि इटलीच्या पाओला पेत्सोने माउंटन बाइकिंगची पहिली सुवर्णपदके घेतली. हबमधल्या धुरापासून ऑलिंपिकपर्यंतचा हा प्रवास वीस वर्षांचा.

पण माणसे हे का करतात? धापा टाकत डोंगर चढायचा, हाडे खिळखिळी होतील अशा वाटेने उतरायचे आणि खाली आल्यावर पुन्हा चढायला लागायचे. ‘ॲड्रेनलिन’ हे यावरचे ठरलेले उत्तर. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. भीतीची सवय होते. विसाव्या फेरीला तीच वाट पहिल्यासारखी घाबरवत नाही, तरी स्वार ती सोडत नाही. धोका हेच आकर्षण असते, तर सरावाबरोबर ओढ कमी व्हायला हवी होती. बहुतेकांच्या बाबतीत ती वाढते.

उत्तर शोधायला आधी सायकल उभी कशी राहते ते पाहावे लागते. फिरत्या चाकांच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळे ती पडत नाही, असे बरीच वर्षे सांगितले जाई. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड जोन्स यांनी पुढच्या चाकाशेजारी उलट दिशेने फिरणारे आणखी एक चाक बसवून हा गुण जवळजवळ नाहीसा केला. सायकल तरीही चालवता आली. हे त्यांनी 1970मध्ये प्रसिद्ध केले. 2011मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या आणि अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘सायन्स’ नियतकालिकात आणखी पुढची पायरी मांडली. हा गुण आणि पुढच्या चाकाची नेहमीची भौमितिक ठेवण, दोन्ही काढून घेतलेली त्यांची छोटी सायकल ढकलून दिल्यावर कोणी न धरताही तोल सावरत गेली. वजनाची वाटणी आणि हँडलचे वळणे यांची अनेक प्रकारे जुळणी होऊ शकते, हा त्याचा अर्थ. सायकल ज्या बाजूला कलते त्या बाजूला हँडल वळते आणि चाके पुन्हा वजनाखाली येतात.

डोंगरात ही जुळणी प्रत्येक दगड मोडतो. म्हणून उतारावर जाणकार स्वार सीटवर बसत नाही. दोन्ही पेडल एकाच उंचीवर ठेवून तो उभा राहतो, गुडघे आणि कोपर सैल सोडतो आणि सायकलीला खालच्या खाली हलू देतो. सीट आड येऊ नये म्हणून ती खाली घेता येईल अशी युक्ती जो ब्रीझ आणि जॉश एंजेल यांनी 1980च्या दशकातच काढली होती. आज हँडलवरची कळ दाबून चालत्या सायकलीवर सीट खाली जाते.

टायरचेही तसेच. हवा टणक भरली की सायकल हलकी पळते, हा समज डांबरी रस्त्यावर बराचसा खरा आहे. खडकाळ वाटेवर टणक टायर प्रत्येक दगडावर स्वारासकट सगळे वजन उचलतो आणि ती ऊर्जा अंग हादरवण्यात वाया जाते. मऊ टायर दगडाभोवती दबतो आणि पुढे सरकतो. म्हणून डोंगरी सायकलीत साधारण 20 ते 30 पीएसआयच दाब ठेवतात, शर्यतीच्या सायकलीपेक्षा कितीतरी कमी.

आता मेंदूकडे वळू. डोळ्यांना दगड दिसण्यापासून हात हलेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो. फिशरच्या वेगाने तेवढ्यात सायकल जवळजवळ तीन मीटर पुढे जाते. समोर आलेल्या दगडाला पाहून प्रतिसाद द्यायचा म्हटले, तर तो दगड मागे पडलेला असेल. डोके हादरत असताना दृश्य स्थिर ठेवण्याचे काम आंतरकर्ण आणि डोळ्यांचे स्नायू सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास करतात, पण वाट निवडणे इतके झटपट होत नाही. ती आधीच निवडलेली असावी लागते. नवखा चाकापुढे बघतो आणि अडखळतो. मुरलेला पुढच्या वळणाकडे बघतो आणि चाकाखालच्या दगडाचे काम आधी केलेल्या अंदाजावर सोडतो. अंदाज आणि प्रत्यक्षातला फरक मोजून पुढची हालचाल सुधारण्यात लहान मेंदूचा मोठा हात असतो.

आणि मजा इथेच दडलेली असावी. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांतून दिसले, की डोपामिन सोडणाऱ्या चेतापेशी केवळ बक्षिसाने चेतत नाहीत. अपेक्षेपेक्षा अधिक मिळाले की त्या जास्त चेततात आणि अपेक्षित ते मिळाले नाही की मंदावतात. 1997मध्ये पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांच्यासह लिहिलेल्या शोधनिबंधात हा हिशेब शिकण्याच्या गणिताशी जोडला गेला. खडकाळ उतारावर असा हिशेब सेकंदासेकंदाला होत असतो, असे मानायला जागा आहे. वळण अंदाजापेक्षा सफाईने निघाले, चाक घसरेल वाटले आणि सावरले. ओळखीच्या वाटेवरही पावसाने एखादा दगड हललेला असतो, त्यामुळे अंदाज कधीच पुरता संपत नाही.

मानसशास्त्रज्ञ मिहाय चिकसेंटमिहाय यांनी गिर्यारोहक, बुद्धिबळपटू आणि नर्तक यांच्या मुलाखतींवरून 1975मध्ये जी तल्लीनता मांडली, तिच्या अटी इथे एकत्र येतात. काम कुवतीपेक्षा किंचित कठीण, उद्दिष्ट स्पष्ट आणि केलेल्या कृतीचे उत्तर ताबडतोब. ऑफिसातल्या कामाचे मोल महिन्यांनी कळते. चुकीच्या वळणाचे पुढच्याच क्षणी, बऱ्याचदा गुडघ्यावर.

चढाचे सुख निराळ्या मार्गाने येते. मध्यम तीव्रतेने पळणाऱ्या आणि सायकल मारणाऱ्या तरुणांच्या रक्तात आनंदामाइड हे रसायन वाढलेले 2003मध्ये अमेरिकी संशोधकांना आढळले. 2015मध्ये जर्मनीत उंदरांवर झालेल्या प्रयोगांतही धावण्यानंतरच्या निवांतपणाशी याच जातीच्या रसायनांचा संबंध दिसला. ज्याचे श्रेय वर्षानुवर्षे एकट्या एंडॉर्फिनला दिले गेले, त्यात आता दुसराही वाटेकरी आहे.

झाडीचाही वाटा असेल. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या अभ्यासात नव्वद मिनिटे निसर्गात चाललेल्यांचे तेच ते नकारात्मक विचार घोळवणे कमी झाले; वाहत्या रस्त्याकडेने चाललेल्यांचे झाले नाही. तो अभ्यास चालण्याचा होता, त्यामुळे सायकलीला त्याचे पूर्ण श्रेय देणे घाईचे ठरेल.

एकाचे सुख दुसऱ्याला खुपते, हेही मरीनमध्येच दिसले. चालणाऱ्यांशी आणि घोडेस्वारांशी वाद वाढले आणि पाइन माउंटनजवळच्या ज्या माउंट टॅम डोंगराच्या परिसरात हा खेळ जन्मला, तिथल्या बऱ्याच अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या. रुंद कच्च्या रस्त्यांवर ताशी 15 मैलांची मर्यादा आली. सायकलींनी डोंगर खणला जातो, हा आक्षेप मात्र तपासून घ्यावा लागतो. मोंटानात पायवाटांवर झालेल्या आणि 1994मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चाकांपेक्षा खुरांनी आणि पावलांनी माती जास्त मोकळी केली. ओल्या मातीत चाकाची चर पडते आणि पाणी तिथूनच वाहू लागते, हेही तितकेच खरे.

पुण्याच्या टेकड्यांपासून मावळातल्या मुरमाड वाटांपर्यंत आज गिअरच्या सायकली फिरताना दिसतात. ज्यांना हा नाद लावून घ्यायचा आहे, त्यांनी महागड्या सायकलीने सुरुवात करायची गरज नाही. ओळखीची, सौम्य उताराची एक वाट निवडावी, हेल्मेट घालावे, टायरमधली हवा थोडी कमी करावी, सीट खाली घ्यावी आणि नजर चाकावरून उचलून वळणावर न्यावी. अभयारण्यात शिरण्यापूर्वी वनखात्याची परवानगी घ्यावी, पायी येणाऱ्याला आधी वाट द्यावी आणि भर पावसात चिखलाच्या वाटा तेवढ्या सोडाव्यात.