कॅमेऱ्याची साक्ष

(जगात दूरवर घडलेली घटना आपल्या घरापर्यंत कशी येते? ती आणणारा माणूस कोण असतो? आशिया खंडातील अनेक देशांत फिरून बातम्या देणारे छायाचित्रकार-पत्रकार दानिश सिद्दीकी यांच्या कामाची ओळख करून देत या पाठात या व्यवसायाची माहिती दिली आहे.)

मुलांनो, सकाळी तुमच्या घरी वर्तमानपत्र येत असेल. कोणाकडे उर्दू येते, कोणाकडे मराठी, तर कोणाकडे दोन्ही. पहिल्याच पानावर एखादे मोठे छायाचित्र असते. कोठे पूर आलेला असतो, कोठे भूकंप झालेला असतो, कोठे दोन फौजा एकमेकींसमोर उभ्या ठाकलेल्या असतात. आपण ते पाहतो, हळहळतो आणि पान उलटतो. पण थोडे थांबा आणि विचार करा. ते छायाचित्र काढणारा माणूस त्या वेळी कोठे उभा असेल? ज्या पुरातून लोक जीव वाचवायला पळत होते, त्याच पुरात तोही उभा होता. लोक जेथून निघून जातात, तेथे त्याला जावे लागते. हेच त्याचे काम असते.

उर्दूत ज्याला तुम्ही ‘सहाफी’ म्हणता, त्याला मराठीत ‘पत्रकार’ म्हणतात. बातमी आणणारा तो ‘बातमीदार’ किंवा ‘वार्ताहर’. ‘खबर’ हा शब्द मात्र दोन्ही भाषांचा आहे. गावाकडून पाहुणा आला की मराठी माणूसही त्याला ‘काय खबरबात?’ असे विचारतो.

पूर्वी या व्यवसायात कामांची वाटणी झालेली असे. एक जण बातमी लिही, दुसरा छायाचित्र काढी, तिसरा दूरदर्शनसाठी चित्रीकरण करी आणि चौथा आवाज नोंदवून घेई. आता पुष्कळदा ही सारी कामे एकाच माणसाला करावी लागतात. अशा माणसाला ‘मल्टिमीडिया पत्रकार’ म्हणजे बहुमाध्यम पत्रकार म्हणतात. त्याच्या पाठीवरच्या पिशवीत एक-दोन कॅमेरे, भिंगे, ध्वनिमुद्रणाचे यंत्र, लहान संगणक, टिपणवही आणि पाण्याची बाटली असते. युद्धाच्या ठिकाणी जायचे असेल, तर छातीवर गोळीरोधक जाकीट आणि डोक्यावर शिरस्त्राण चढवावे लागते. जाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘प्रेस’ असे लिहिलेले असते. ‘मी लढायला आलो नाही, पाहायला आलो आहे,’ असाच त्याचा अर्थ.

एका वर्तमानपत्राला जगातल्या प्रत्येक देशात माणूस ठेवणे परवडत नाही. म्हणून वृत्तसंस्था निर्माण झाल्या. वृत्तसंस्था बातम्या आणि छायाचित्रे गोळा करते व अनेक वर्तमानपत्रांना आणि वाहिन्यांना पुरवते. ‘रॉयटर्स’ ही अशीच एक जुनी संस्था. ज्युलियस रॉयटर यांनी १८५१ साली लंडनमध्ये तिचे कार्यालय उघडले. त्याच्या आदल्या वर्षी ते जर्मनीतील आखेन व बेल्जियममधील ब्रुसेल्स या शहरांच्या दरम्यान कबुतरांच्या पायाला चिठ्ठी बांधून बातम्या पाठवत असत; कारण त्या टप्प्यात तारायंत्राची तार अजून पोहोचलेली नव्हती. आपल्या देशातही प्रेस ट्रस्ट ऑफ इंडिया व युनायटेड न्यूज ऑफ इंडिया या वृत्तसंस्था आहेत. युनायटेड न्यूज ऑफ इंडियाने १९९२ साली उर्दू भाषेतूनही बातम्या देण्यास सुरुवात केली.

याच रॉयटर्समध्ये दानिश सिद्दीकी काम करत होते. त्यांचा जन्म १९८३ साली दिल्लीत झाला. जामिया मिल्लिया इस्लामिया या विद्यापीठात त्यांनी आधी अर्थशास्त्राचा अभ्यास केला व नंतर २००७ साली जनसंवाद या विषयातील पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले. सुरुवातीला ते दूरचित्रवाणीवर बातमीदार होते. पण त्यांचा ओढा कॅमेऱ्याकडे होता. म्हणून हातची नोकरी सोडून २०१० साली ते रॉयटर्समध्ये दाखल झाले. तेही उमेदवार म्हणून, शिकाऊ म्हणून. जमलेले काम सोडून पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहणे सोपे नसते. पुढे ते याच संस्थेच्या भारतातील बहुमाध्यम विभागाचे प्रमुख झाले.

काही वर्षे ते मुंबईत राहून काम करत होते. २०१५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्यातील डेंगणमाळ या गावात जाऊन छायाचित्रे काढली. हे गाव शहापूर तालुक्यात, डोंगराळ भागात आहे. उन्हाळ्यात तेथील स्त्रियांना डोक्यावर हंडे घेऊन पाण्यासाठी दूरवर पायपीट करावी लागे. मुंबईपासून काही तासांच्या अंतरावरील या गावाची तहान त्यांच्या छायाचित्रांमुळे परदेशांतही दिसली. बातमी म्हणजे केवळ युद्ध नव्हे. रिकामा हंडा हीसुद्धा बातमी असते, हे त्यातून कळते.

आशियात जेथे जेथे मोठी घटना घडली, तेथे तेथे दानिश गेले. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमध्ये मोठा भूकंप झाला आणि सुमारे नऊ हजार माणसे दगावली. ते नेपाळला गेले. इराकमध्ये २०१६-१७ साली मोसुल शहरासाठी लढाई झाली. ते तेथे होते. उत्तर कोरियात हजारो माणसे एकत्र येऊन सामूहिक कवायतींचे प्रचंड कार्यक्रम करतात; ते त्यांनी टिपले. २०१९ साली हाँगकाँगच्या रस्त्यांवर आंदोलन पेटले, तेव्हाही ते तेथे पोहोचले. देश वेगळे, भाषा वेगळ्या, हवामान वेगळे. पण त्यांचे लक्ष सगळीकडे साध्या माणसाच्या चेहऱ्याकडे असे. जो माणूस घटनेच्या जागी स्वतः जाऊ शकत नाही, त्याला ती दिसावी व जाणवावी म्हणून आपण छायाचित्रे काढतो, असे ते सांगत.

आता त्यांच्या एका छायाचित्राविषयी ऐका. २०१७ सालच्या ऑगस्ट महिन्यात म्यानमारमध्ये लष्कराची कारवाई सुरू झाली. गावे जळू लागली. तेथील रोहिंग्या लोक घरदार टाकून शेजारच्या बांगलादेशाकडे पळाले. पुढील काही महिन्यांत सात लाखांहून अधिक माणसे सीमा ओलांडून आली. कोणी पायी आले, कोणी लहान नावांमधून. ११ सप्टेंबर २०१७ रोजी बांगलादेशाच्या दक्षिण टोकाला शाह पोरीर द्वीप येथील किनाऱ्यावर अशीच एक नाव लागली. तीमधून उतरलेली एक स्त्री थकून ओल्या वाळूवर बसली आणि तिने हाताने जमिनीला स्पर्श केला. मागे काही लोक नावेतून आपले उरलेसुरले सामान उतरवत होते. दानिश यांनी नेमका तो क्षण टिपला.

या छायाचित्रात रक्त नाही, शस्त्र नाही, आरडाओरडा नाही. एका स्त्रीचा हात आणि ओली वाळू, एवढेच आहे. पण तो हात सारे काही सांगतो. मागे काय गेले, समुद्रावर काय सोसले आणि पायाखाली जमीन लागल्यावर काय वाटले, हे पाहणाऱ्याला न सांगता समजते. ‘सात लाख’ हा आकडा आपण वाचतो आणि विसरतो. तो हात मात्र विसरता येत नाही. रोहिंग्यांच्या या छायाचित्रांसाठी रॉयटर्सच्या चमूला २०१८ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. अमेरिकेतील हे पारितोषिक पत्रकारितेत फार मानाचे समजले जाते. त्या चमूत दानिश सिद्दीकी आणि अदनान अबिदी हे दोन भारतीय होते.

अशी छायाचित्रे काढताना पत्रकाराला कडक नियम पाळावे लागतात. छायाचित्रात नसलेली वस्तू नंतर घालायची नाही आणि असलेली वस्तू पुसायची नाही. लोकांना ‘असे बसा, तसे रडा’ असे सांगून खोटा प्रसंग उभा करायचा नाही. प्रत्येक छायाचित्रासोबत चित्रओळ लिहायची. तिच्यात शक्य तितक्या ‘क’ची उत्तरे द्यायची: कोण, काय, कोठे, केव्हा, का आणि कसे. नाव चुकले, गाव चुकले किंवा तारीख चुकली, तर चांगले छायाचित्रही खोटे बोलू लागते. आज कोणाच्याही हातात कॅमेरा असलेला फोन असतो आणि यंत्राकडून खोटी चित्रे बनवून घेता येतात. अशा काळात, ‘मी तेथे होतो, मी हे पाहिले,’ असे जबाबदारीने सांगणाऱ्या माणसाची किंमत अधिकच वाढली आहे.

तरीही काही प्रश्न नियमांनी सुटत नाहीत. २०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी झाली आणि शहरांतील मजूर पायीच गावाकडे निघाले. मुलाला खांद्यावर घेऊन चालणाऱ्या एका मजुराचे दानिश यांनी काढलेले छायाचित्र अनेकांनी पाहिले. पुढील वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, साथीची दुसरी लाट आली. दिल्लीच्या रुग्णालयांत खाटा पुरेनात, प्राणवायू मिळेना, स्मशानांत जागा उरेना. एकाच वेळी पेटलेल्या अनेक चितांचे छायाचित्र दानिश यांनी उंचावरून घेतले. ते जगभर छापले गेले.

त्या वेळी काही लोक रागावले. ‘दुःखात असलेल्यांची अशी छायाचित्रे का काढावीत? ती जगाला का दाखवावीत?’ असे त्यांनी विचारले. हा प्रश्न चुकीचा नाही. आपल्या घरचे कोणी गेले आणि अनोळखी माणूस कॅमेरा घेऊन समोर उभा राहिला, तर आपल्याला कसे वाटेल? म्हणून चांगला पत्रकार अंतर राखतो, शक्य असेल तेथे परवानगी घेतो आणि कोणाच्या दुःखाचा तमाशा करत नाही. पण दुसरी बाजूही पाहा. कोणीच छायाचित्र काढले नसते, तर किती माणसे गेली आणि कशाअभावी गेली, हे दूरच्या माणसाला कसे कळले असते? जे दिसत नाही, ते हळूहळू ‘घडलेच नाही’ असे ठरते. या दोन बाजूंच्या मधून पत्रकाराला रोज वाट काढावी लागते.

२०२१ च्या जुलै महिन्यात दानिश अफगाणिस्तानात होते. अमेरिकेचे सैन्य तेथून परत निघाले होते आणि तालिबानने एकामागून एक प्रदेश घेण्यास सुरुवात केली होती. कंदाहारजवळ एक जखमी पोलीस वेढ्यात अडकला होता. त्याची सुटका करायला निघालेल्या अफगाण सैनिकांबरोबर दानिश गेले. परतताना त्यांच्या गाड्यांवर हल्ला झाला. गाडीत बसूनच त्यांनी चित्रीकरण केले आणि १३ जुलै रोजी ते जगापुढे मांडले. त्यानंतर तीनच दिवसांनी, १६ जुलै २०२१ रोजी, पाकिस्तानच्या सीमेजवळील स्पिन बोल्डाक येथे लढाईचे वार्तांकन करत असताना ते मारले गेले. तेव्हा त्यांचे वय अवघे अडतीस वर्षांचे होते. ज्या जामियात ते शिकले, तेथील कब्रस्तानातच त्यांचे दफन झाले. पुढील वर्षी भारतातील करोनाच्या छायाचित्रांसाठी त्यांना मरणोत्तर पुलित्झर जाहीर झाले. या वेळी अदनान अबिदी, सना इर्शाद मट्टू आणि अमित दवे हे त्यांचे सहकारीही मानकरी होते.

मुलांनो, तुमच्यापैकी कोणाला पत्रकार व्हावेसे वाटले, तर धाडस हा त्याचा पहिला धडा समजू नका. पहिला धडा आहे तो नीट पाहण्याचा आणि नीट ऐकण्याचा. दुसरा धडा भाषेचा. परक्या मुलखात पत्रकाराला दुभाषा सोबत घ्यावा लागतो. पण माणूस आपले मन मोकळे करतो ते आपल्या भाषेत बोलणाऱ्याजवळ. उर्दू तुमची स्वतःची आहे, मराठी तुम्ही शिकत आहात. हंडा घेऊन निघालेल्या डेंगणमाळच्या आजीला तिच्याच भाषेत ‘आजी, पाणी किती लांब आहे?’ असे विचारता आले, तर अर्धी बातमी तेथेच मिळेल. तिसरा धडा खरेपणाचा. तो शिकायला कॅमेरा लागत नाही. वर्गात भांडण झाले आणि गुरुजींनी ‘काय घडले?’ असे विचारले, तर मित्राची बाजू न घेता जे पाहिले तेच सांगून बघा. ते किती कठीण आहे, हे लगेच कळेल.

उद्या सकाळी वर्तमानपत्र हातात घ्याल, तेव्हा छायाचित्राखालचे बारीक अक्षरांतले नाव अवश्य वाचा. आपण घरी सुखरूप बसलेले असताना ते नाव असलेला माणूस कोठेतरी आपल्यासाठी उभा होता.

शब्दार्थ
वार्ताहर – बातमी देणारा; वृत्तसंस्था – बातम्या पुरवणारी संस्था; शिरस्त्राण – डोक्याचे रक्षण करणारी टोपी; उमेदवार – (येथे) काम शिकणारा; चमू – गट; चित्रओळ – छायाचित्राखालचा मजकूर; दुभाषा – एका भाषेतील बोलणे दुसऱ्या भाषेत सांगणारा; मरणोत्तर – मृत्यूनंतर दिलेले.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बहुमाध्यम पत्रकार कोणाला म्हणतात?
(आ) रॉयटर आखेन व ब्रुसेल्सच्या दरम्यान कबुतरांचा उपयोग का करत?
(इ) पत्रकाराच्या जाकिटावर कोणता शब्द लिहिलेला असतो?
२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) शाह पोरीर द्वीप येथील छायाचित्राचे वर्णन करा.
(आ) ‘रिकामा हंडा हीसुद्धा बातमी असते’ या वाक्याचा अर्थ सांगा.
३. दुःखात असलेल्या माणसांची छायाचित्रे छापावीत का? दोन्ही बाजू मांडून तुमचे मत पाच-सहा वाक्यांत लिहा.
४. ‘खबर’प्रमाणे मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे आणखी पाच शब्द लिहा.
५. उपक्रम : वर्तमानपत्रातील एक छायाचित्र कापून वहीत चिकटवा. त्याची चित्रओळ स्वतः मराठीत लिहा. तिच्यात सहापैकी किती ‘क’ची उत्तरे आली, ते पाहा.