भजनाची लय आणि कीबोर्डचा झोका

बचत, कर्ज, पापड-मसाले यावर आपण नेहमीच बोलतो. आज भजनी मंडळातल्या कीबोर्डबद्दल बोलू.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला. त्यांच्या हातातली खंजिरी वऱ्हाडात गावोगावी पोचली, बायांच्या मंडळांतही आली. आता खंजिरीच्या शेजारी कीबोर्ड बसला आहे. गाणाऱ्या आपण असतो, बटणं मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच्या हातात असतात. मग भजन रंगात आलं की कोणीतरी म्हणतेच, "काहून वं, ह्या पेटीचा आवाज वेगळाच डोलून रायला!" मंडळाला वाटतं, आपणच बेताल झालो. बहुतेकदा गाणाऱ्यांची चूक नसते. कीबोर्डची एक सेटिंग तेवढी जुळवायची राहिलेली असते.

कीबोर्डमधले काही आवाज सरळ असतात, काही डोलतात. हा डोल तीन प्रकारचा. सूर किंचित वरखाली झाला तर व्हायब्रेटो. आवाज लहानमोठा होत राहिला तर ट्रेमोलो. आणि आवाज कधी दबका, कधी खुला होत गेला, तर ते फिल्टरचं काम. हे तिन्ही झोके देणाऱ्या भागाला कीबोर्डवर 'एलएफओ' म्हणतात. झोका किती वेगाने द्यायचा ते 'रेट' ठरवतो आणि किती मोठा द्यायचा ते 'डेप्थ' ठरवते.

जात्यावरची ओवी आठवा. जात्याचा फेरा आणि ओवीची ओळ जुळली की दळण हलकं वाटतं. फेरा एका चालीने आणि ओवी दुसऱ्या चालीने गेली, तर दोघी दळणाऱ्या थकतात. कीबोर्डचंही तसंच आहे.

आता हिशोब पाहा. टेम्पो ९० म्हणजे मिनिटाला ९० ठोके, म्हणजे सेकंदाला दीड ठोका. रेट दीडवर ठेवला की प्रत्येक ठोक्याला एक झोका बसतो. पण आपलं भजन एका लयीत कुठे राहतं? शेवटी ते १२० वर चढतं, म्हणजे सेकंदाला दोन ठोके. झोका मात्र दीडवरच अडकलेला. चार सेकंदांत ठोके आठ आणि झोके सहा. कानाला खटकतं ते हेच.

यावर उपाय म्हणजे 'टेम्पो सिंक'. ते चालू केलं की रेट सेकंदात मोजायचा नसतो, ठोक्यांत मोजायचा असतो. चतुर्थांश म्हणजे एका ठोक्याला एक झोका, अष्टमांश म्हणजे दोन झोके, अर्धा म्हणजे दोन ठोक्यांना मिळून एक. टेम्पो वाढवला की झोकाही आपोआप वाढतो. मात्र ताल पाहून निवड करा. चार मात्रांचा झोका केरव्याच्या आठ मात्रांत नीट बसतो. दादऱ्याच्या सहा मात्रांत तो एकाआड एका आवर्तनातच समेवर येईल. दादऱ्याला एका मात्रेचा किंवा तीन मात्रांचा झोका बरा.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. सिंक जुळतं ते कीबोर्डच्या आतल्या घड्याळाशी. ताईंच्या हातातली खंजिरी त्याला ऐकू येत नाही. म्हणून 'टॅप टेम्पो'चं बटण असेल तर खंजिरीच्या ठोक्यावर ते चार वेळा दाबा, आणि लय चढली की पुन्हा दाबा. हे काम वाजवणाऱ्याच्या शेजारी बसणाऱ्या एखादीकडे द्या. बटण नसेल, तर चढत्या भजनाला सरळ, न डोलणारा आवाजच घ्या.

काही मंडळांकडे ऑक्टोपॅड किंवा तालाचं दुसरं यंत्रही असतं. १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही रेकॉर्ड केली, ती तालयंत्र आणि सिंथेसायझर घेऊनच. पुढच्याच वर्षी 'मिडी' आलं आणि वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एका केबलने बोलू लागली. मिडीच्या घड्याळात एका ठोक्याचे २४ भाग असतात. दोन यंत्रं जोडली तर घड्याळ एकाचंच चालवायचं. दुसऱ्याला 'एक्स्टर्नल'वर ठेवायचं. केबल काढल्यावर ते परत 'इंटर्नल'वर आणा, नाहीतर ताल सुरूच होणार नाही आणि यंत्र बिघडलं असं वाटून दुरुस्तीला पैसे जातील.

सेटिंग बदलायचा क्रम सोपा आहे. आधी हवा त्याच्या जवळचा आवाज निवडा. 'एडिट'मध्ये जाऊन एलएफओ शोधा. सिंक चालू करा, झोका निवडा. डेप्थ शून्यावरून हळूहळू वाढवा आणि शब्द झाकले जायच्या आधी थांबा. भजनात शब्द आधी. शेवटी 'राइट' किंवा 'सेव्ह' दाबून 'युजर'च्या रिकाम्या जागेत ठेवा. सेव्ह न करता कीबोर्ड बंद केला की सगळी मेहनत गेली. कंपनीचे मूळ आवाज बहुतेक कीबोर्डमध्ये तसेच राहतात, त्यामुळे हात लावायला भिऊ नका.

आपण बैठकीची वही ठेवतो, तशी कीबोर्डचीही ठेवा. भजनाचं नाव, आवाजाचा नंबर, टेम्पो, झोका, डेप्थ, एवढं पुरे. वाजवणारा बदलला तरी मंडळ अडणार नाही.

लहान कीबोर्डमध्ये ही सोय नसतेच. म्हणून गटाच्या पैशातून घ्यायचा असेल तर दुकानात तीन गोष्टी विचारा: टॅप टेम्पो आहे का, टेम्पो सिंक आहे का, बदललेला आवाज साठवता येतो का. नुसतं 'हो' ऐकून पैसे देऊ नका, समोर करून दाखवायला सांगा. आणि सोबत खंजिरी घेऊन जा. लय आपली आहे, ती कुठे चढवायची हे गाणाऱ्यांनीच ठरवायचं.